तळटीप १४ : ओ पेअर

१४. ओ पेअर : मूळ फ्रेंच; अर्थ 'बरोबरीच्या नात्याने'. परदेशी कुटुंबात राहून मुले सांभाळणारी, घरकामाला हातभार लावणारी आणि तिथली भाषा शिकणारी तरुण व्यक्ती. ती मोलकरीण नव्हे. युरोप परिषदेचा याविषयीचा करार १९६९चा. जर्मनीत व्हिसाच्या अर्जावेळी वय १८ ते २६ लागते, जर्मनची 'ए१' पातळीही. काम दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांपर्यंतच. जेवण, स्वतंत्र खोली, विमा, हातखर्च यजमानांकडे. मुलाला शाळेतून आणणे, त्याचा डबा भरणे हे कामात बसते. आजारी आजोबांची शुश्रूषा बसत नाही. म्हणूनच आई पत्रात 'आधी लेखी करार, मग तिकीट' असे बजावते.