रात्री अचानक समोर उसाची ट्रॉली दिसली, तर तुमची गाडी थांबेल का?

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या भागांत मग रात्रभर ऊस वाहतूक सुरू असते. एका ट्रॅक्टरला मागे दोन-दोन ट्रॉल्या, वरपर्यंत गच्च भरलेल्या. बऱ्याचदा मागे ना लाईट, ना रिफ्लेक्टर. याच दिवसांत पेपरात एक बातमी पुन्हा पुन्हा येते, उभ्या ट्रॉलीला मागून कारची धडक. वाचलेला माणूस सांगतो, "अचानक समोर आली, काही कळलंच नाही."

पण उभी असलेली ट्रॉली अचानक कशी येईल? ती तिथेच होती. आपल्याला ती उशिरा दिसली. हा उशीर नेमका कुठे होतो, ते समजून घेऊ.

५० मीटरचा हिशेब

हेडलाईट डिपरवर असताना रिफ्लेक्टर नसलेली काळपट वस्तू साधारण ४० ते ५० मीटरवर नीट दिसते. आपण ५० मीटर धरू.

ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काय आहे हे ओळखून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सुमारे दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ३३ मीटर संपले. उरले १७ मीटर. कोरडा रस्ता आणि चांगले ब्रेक असले, तरी ८० वरून थांबायला आणखी ३५ मीटरच्या वर लागतात. त्यामुळे ट्रॉलीवर आदळताना गाडीचा वेग अजून ५५ ते ६० च्या आसपास असतो.

तीच गाडी ६० च्या वेगात असती तर? दीड सेकंदात २५ मीटर आणि ब्रेक लागल्यावर साधारण २० मीटर, एकूण ४५. गाडी ट्रॉलीच्या थोडी अलीकडे थांबली असती.

हिशेब ढोबळ आहे. पण वेगात फक्त २० चा फरक, आणि एक गाडी थांबते तर दुसरी जोरात धडकते. त्यात ट्रॉलीचा मागचा भाग उंच असतो. कारचं बॉनेट खाली घुसतं आणि मार थेट काचेवर, म्हणजे माणसांवर बसतो.

रस्ता ओला असेल, टायर गुळगुळीत झाले असतील किंवा नजर मोबाईलवर असेल, तर ६० चा वेगही जास्तच ठरतो.

सर्वात धोकादायक क्षण

समोरून अप्पर लाईट लावून गाडी येते आणि डोळे दिपतात. ती गेल्यावर नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ आपण जवळजवळ आंधळेपणाने गाडी चालवत असतो. अशा वेळी लाईटकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेकडे बघा आणि पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. समोर कुणी नसेल तेव्हा आपण अप्पर जरूर वापरा, गाडी दिसली की लगेच डिपर करा.

रस्ता आधीच सांगत असतो

- रस्त्यावर उसाची कांडी किंवा चिखलाचे पट्टे दिसले, तर पुढे ट्रॉली असण्याची शक्यता धरा.
- ओळीने ठेवलेले दगड किंवा झाडाची फांदी म्हणजे बहुतेक वेळा पुढे बंद पडलेलं वाहन.
- समोरून एकच दिवा येतोय म्हणजे दुचाकीच असेल असं नाही. एक दिवा गेलेला ट्रॅक्टरही असू शकतो. जागा सोडा.
- पुढची गाडी विनाकारण बाजूला झाली, तर तिला काहीतरी दिसलंय. आधी वेग कमी करा, ओव्हरटेकचा विचार नंतर.

दिसलीच तर काय करायचं?

पहिलं काम ब्रेक. घाबरून एकदम स्टेअरिंग फिरवलं, तर गाडी उलटते किंवा समोरच्या लेनमध्ये जाते. २०१९ पासून नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीत ब्रेक पूर्ण दाबून धरा. पेडल थरथरलं तरी सोडू नका. चाकं जाम होत नसल्यामुळे बाजूला मोकळी जागा असेल, तर ब्रेक दाबलेला ठेवूनही गाडी वळवता येते. आणि सीटबेल्ट मागे बसलेल्यांनीही लावायचा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

मागून धडक बसली की ट्रॉलीवर किंवा शेजारी उभे असलेले ऊसतोड कामगारही सापडतात. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा, आणि ती उसाने झाकली जाणार नाही हे बघा. बंद पडलेली ट्रॉली शक्यतो डांबरावरून खाली घ्या. निघताना टेकू म्हणून लावलेले दगड उचलायला विसरू नका. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तेच दगड नडतात.

अपघात दिसला तर

११२ किंवा ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जखमीला मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे आणि त्याच्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

थोडक्यात नियम एवढाच: जेवढं दिसतंय, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे. थांबणार नसेल, तर वेग जास्त आहे, मग बोर्डावर काहीही लिहिलेलं असो.

घरातलं कुणी या दिवसांत रात्री प्रवास करत असेल, तर त्यांना हा ५० मीटरचा हिशेब नक्की सांगा.