टाचदुखी, बाळंतपणानंतरची

प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात, सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकताच टाचेत किंवा तळपायात उठणारी कळ आणि तिच्यासोबत पावले आखडल्याची भावना. हा एक स्वतंत्र रोग नव्हे. बहुतेक जणींत तळपायातील प्रावरणीवर पडलेला ताण हे कारण असते. थोड्या जणींत ती आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड संधिवाताची) सुरुवात असते. दुखणे कोठे आहे यापेक्षा ते सकाळी किती वेळ टिकते, हा प्रश्न निदानात अधिक उपयोगी पडतो. घरात याला ‘टाच धरली’, ‘तळवे आखडले’, ‘पायात वात भरला’ असे म्हणतात. क्ष-किरण चित्र काढून झाले असेल तर ‘हाड वाढलंय’ असेही. जुन्या बोलण्यात प्रसूतीनंतरची सगळीच रेंगाळणारी दुखणी ‘बाळंतरोग’ या एका नावाखाली जात, आणि टाचदुखीही त्यातच मोडे.

प्राचीन उल्लेख : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताचे ऐंशी विकार मोजले आहेत. त्यांत पादशूल, पादसुप्तता, वातखुड्डता, गुल्फग्रह अशी पायाची नावे जवळजवळ येतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात, वातव्याधींच्या पहिल्याच अध्यायात वातकंटक सांगितला आहे : पाऊल वेडेवाकडे पडल्याने बिघडलेला वात घोटा-टाचेच्या आश्रयाने वेदना निर्माण करतो. चक्रदत्तात त्यावर रक्तमोक्षण, एरंडेल पिणे व सुईने डाग देणे हे उपाय आहेत. आजचे अनेक वैद्य टाचदुखी म्हणजेच वातकंटक असे समीकरण मांडतात. ते अंशतःच जुळते, कारण सुश्रुताच्या वर्णनात सकाळच्या पहिल्या पावलाचा उल्लेख नाही आणि बाळंतिणीचाही नाही. सूतिकेच्या उपचारांचा स्वतंत्र विचार काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आढळतो. नेपाळात मिळालेल्या खंडित हस्तलिखितावरून ही संहिता १९३८ मध्ये मुद्रित झाली. स्नेहन, स्वेदन, पोट बांधणे या तिच्यातील क्रमाशी महाराष्ट्रातील तेल-शेक-पट्ट्याची रीत बरीच मिळतीजुळती आहे. दोहोंत थेट परंपरा आहे असे मात्र म्हणता येत नाही.

रचना व यांत्रिकी : पादतल प्रावरणी (डॉक्टरांच्या तोंडचा ‘प्लांटर फॅशिया’) हा जाड, जेमतेम ताणला जाणारा तंतुमय पट्टा टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यापासून निघतो आणि पाच फाट्यांनी बोटांच्या मुळांशी जाऊन पोहोचतो. पावलाची कमान तो तोलून धरतो. जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये त्याचे कार्य दाखवून दिले : चालताना टाच उचलली जाऊन बोटे वर वळली की हा पट्टा बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांच्या डोक्यांवरून, रहाटावर दोर चढावा तसा ओढला जातो. त्यामुळे टाच आणि चवडा जवळ येतात, कमान उंचावते आणि पाऊल ताठ होऊन शरीर पुढे ढकलते. प्रत्येक पावलाला ही ओढ टाचेच्या त्या एका उंचवट्यावर येते. दुखरा बिंदूही बहुधा तेथेच, टाचेच्या तळाशी किंचित आतल्या अंगाला, अंगठ्याने दाबून दाखवता येतो.

झोपेत पाऊल खाली झुकलेले असते. पट्टा सैल, आखूड स्थितीत राहतो. उठल्यावर अंगाचे सगळे वजन त्यावर एकदम पडते म्हणून पहिली पावले सर्वांत वाईट. दहा-पंधरा मिनिटे घरात वावरले की दुखणे उतरते आणि दिवसाच्या शेवटी, फार उभे राहिल्यावर, पुन्हा डोके वर काढते. ओल्या बाळंतिणीच्या बाबतीत ‘सकाळ’ हा शब्द अपुरा आहे. दर दोन-तीन तासांनी दूध पाजायला उठणारीच्या वाट्याला रात्रीतून तीन-चार पहिली पावले येतात, आणि मांडी घालून अर्धा तास पाजून उठल्यावर दिवसाही तेच होते. वैद्यकीय पुस्तकांतील वर्णने बहुतांशी धावपटू व मध्यमवयीन रुग्णांवरून बेतलेली असल्याने ही गोष्ट त्यांत क्वचित सापडते.

दीर्घकाळ हा विकार दाहजन्य मानला गेला. २००३ मध्ये लेमाँट व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढलेले ५० रुग्णांचे ऊतिनमुने तपासले. त्यांत दाहाच्या पेशींऐवजी तंतूंची झीज व विस्कळीत रचना दिसली. केवळ सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर हे दुखणे का हटत नाही, याचा काहीसा उलगडा त्यातून होतो.

गर्भारपणात पावलात होणारे बदल : गर्भारपणात वजन साधारण १० ते १२ किलोंनी वाढते, गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि अस्थिबंध सैल पडतात. आयोवा विद्यापीठातील नील सीगल व सहकाऱ्यांनी ४९ स्त्रियांची पावले गर्भारपणाच्या आरंभी व प्रसूतीनंतर काही महिन्यांनी मोजली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कमानीची उंची व ताठपणा कमी झालेला आढळला. निम्म्याहून अधिक जणींची पावले लांब वा रुंद झाली होती, आणि लांबीतील वाढ २ ते १० मिमी. होती. हा बदल टिकाऊ दिसतो. बाळंतपणाआधीच्या चपला नंतर ‘लागतात’ ही तक्रार त्यामुळे मनाचे खेळ म्हणून सोडून देता येत नाही. सैलपणाचे श्रेय बहुधा रिलॅक्सिन या संप्रेरकाला दिले जाते (शोध : फ्रेडरिक हिसॉ, १९२६). मात्र रक्तातील त्याची पातळी आणि सांध्यांचा सैलपणा यांचे प्रमाण सर्व अभ्यासांत जुळलेले नाही.

सव्वा महिना आणि नंतर : महाराष्ट्रात बाळंतीण पहिले सव्वा महिना बहुधा माहेरी, बाजेवर असते. तेल, शेक-शेगडी, शेपा-ओव्याची धुरी, कानाला रुमाल, डिंकाचे व अळिवाचे लाडू, आणि ‘गार फरशीवर पाय टेकू नको’ ही आईची वा आजीची ताकीद. या ताकिदीतला गारठ्याचा भाग सिद्ध झालेला नाही. पण तिच्यामुळे पायात मोजे किंवा सपाता राहतात आणि कडप्प्याच्या वा टाइल्सच्या कठीण फरशीवर अनवाणी वावर टळतो, हा फायदा खराच आहे. अडचण पुढे येते. चाळीस दिवस पोटऱ्या व तळपायाचे स्नायू जवळजवळ निवांत राहिलेले असतात आणि सासरी परतताच उभ्याचा स्वयंपाक, कडेवर बाळ, जिन्याच्या खेपा हे सारे एकाच आठवड्यात सुरू होते. टाचदुखीच्या तक्रारी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात येतात त्यामागे भाराची ही अचानक उडी असावी. विश्रांतीत दोष नाही, ती संपवण्याच्या रीतीत आहे : चौथ्या आठवड्यापासून घरातल्या घरात थोडे थोडे चालणे वाढवत नेले तर पाऊल सरावते.

काशाची वाटी : तळपायाला तेल किंवा तूप लावून काशाच्या वाटीने घासण्याची रीत महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. बाळंतिणीच्या पायांना मालिशवाली बाईही ती वापरते. घासताना तेल काळे पडते. ‘अंगातली उष्णता उतरली’ असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात तो धातू आणि स्निग्ध पदार्थ यांच्या घर्षणाचा परिणाम आहे. वाटीच्या गोल बुडाने तळव्याला मिळणारा संथ दाब सुखावह असतो व झोप लागायला मदत होते. टाचदुखीवर तिचा उपयोग तोलून पाहणारे भरवशाचे प्रयोग नाहीत, अपायही नाही. मात्र एकच पोटरी सुजलेली, गरम वा दाबल्यास दुखरी असेल तर त्या पायाला मालीश करू नये (पुढे पहा).

उपचार : बहुसंख्य रुग्णांत दुखणे वर्षभरात शस्त्रक्रियेविना शमते. पुढील उपायांत पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम ते आधी दिले आहेत.

ताण देणे. डिजिओव्हान्नी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १०१ रुग्णांवर केलेल्या तुलनेत पोटरीच्या ताणापेक्षा तळपायाचा थेट ताण सरस ठरला. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर आडवा घ्यावा, हाताने बोटे नडगीकडे ओढावीत, दुसऱ्या अंगठ्याने तळवा तपासावा : पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. दहा मोजेपर्यंत धरावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. पहिली खेप पाय जमिनीला लावण्याआधी, बाजेवर बसूनच. रात्री बाळ रडू लागल्यावर दहा वेळा कोण मोजणार, हा आक्षेप रास्त आहे. दोन-तीनदा ओढले तरी पहिल्या पावलाची धार कमी होते, असा फिजिओथेरपिस्टांचा अनुभव आहे.

बळ वाढवणे. डेन्मार्कमधील रॅथलेफ व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील प्रयोगात (४८ रुग्ण) पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, टाच सावकाश वर-खाली करण्याचा व्यायाम एकाआड एक दिवस दिला. तीन मोजत वर, दोन मोजत थांबणे, तीन मोजत खाली. तीन महिन्यांनी या गटाला ताणाच्या गटापेक्षा अधिक आराम होता. वर्षअखेरीस दोन्ही गट सारखे झाले. बाळंतिणीने कठडा धरून, दोन्ही पायांवर भार घेऊन आरंभ करावा. सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांच्या संमतीनंतरच.

पादत्राणे. मऊ पण दबून न जाणारा तळ, टाचेला किंचित उंची, कमानीला आधार. आणि ती बाजेशेजारीच हवीत, दाराबाहेर नकोत. औषधांच्या दुकानांतून मिळणारी एमसीआर चप्पल (सूक्ष्मरंध्री रबराची) या कामी महाराष्ट्रात सर्रास सुचवली जाते. हे रबर मुळात कुष्ठरोग्यांच्या बधिर पावलांचे व्रणांपासून रक्षण करण्यासाठी वेल्लोर परिसरात, शल्यविशारद पॉल ब्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून रूढ झाले. चप्पल घरात घालण्यास देवघर-स्वयंपाकघरामुळे हरकत असेल तर घरापुरता वेगळा जोड ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग.

शेकावे की बर्फ लावावा? पुस्तके गोठवलेली बाटली पायाखाली फिरवायला सांगतात, घरात गारव्याला बंदी असते. दोन्हींचा परिणाम तात्पुरता असल्याने यावर भांडण करण्यात अर्थ नाही. रात्री पाऊल काटकोनात धरणारी पट्टी काहींना मानवते, पण सतत उठबस करणारीला ती जाचक होते.

औषधे : आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल स्तन्यपानाच्या काळात सामान्यतः सुरक्षित मानली जातात, ॲस्पिरिन वेदनाशामक म्हणून टाळतात. टाचेत स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, पण प्रावरणी फाटण्याचा व टाचेची चरबी झिजण्याचा धोका असल्याने वारंवार देत नाहीत.

क्ष-किरण चित्र : वाढलेले हाड दुखणे नसलेल्या पुष्कळ लोकांतही दिसते. त्यावरून निदान करू नये.

आमवात : फिलिप हेंच यांनी मेयो क्लिनिकमध्ये पाहिले, की आमवाताच्या रुग्ण स्त्रियांना गर्भारपणात आश्चर्यकारक आराम पडतो आणि प्रसूतीनंतर रोग परततो. १९३८ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. आराम देणाऱ्या त्या अज्ञात द्रव्याचा माग काढत ते कॉर्टिसोनपर्यंत पोहोचले. १९५० चे नोबेल पारितोषिक त्यांना केंडल व राइखश्टाइन यांच्यासह मिळाले. पुढील अभ्यासांत असेही दिसले, की रोगाची पहिली सुरुवात पहिल्या प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत अधिक होते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ पासून झालेल्या सर्वेक्षणात प्रौढांतील आमवाताचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आढळले. प्रसूतीशी त्याचे नाते हा मात्र त्या सर्वेक्षणाचा विषय नव्हता.

प्रावरणीच्या दुखण्यापासून तो असा वेगळा ओळखावा : सकाळचा ताठरपणा अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक, पुष्कळदा दोन तासही टिकतो, टाचेऐवजी चवडा दुखतो, दोन्ही बाजूंनी दाबल्यास कळ येते, दोन्ही पाय आणि बहुधा हातांची बोटेही एकाच वेळी आखडतात, बाळाचे लंगोट बांधणे वा दुपट्याची गाठ मारणे जमत नाही. अशा वेळी ‘वात आहे, सव्वा महिन्यात जाईल’ म्हणून थांबणे महागात पडते, कारण सांध्यांची झीज पहिल्या वर्षातच सुरू होऊ शकते. रक्ततपासणीत आमवात घटक व सीसीपीविरोधी प्रतिपिंडे पाहतात. एकटा ईएसआर वाढलेला असण्यावर भर देऊ नये. तो सूतिकावस्थेत एरवीही वाढलेला असतो. स्तन्यपान चालू असताना मेथोट्रेक्झेट देत नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन, सल्फासालाझीन व अल्प मात्रेत प्रेड्निसोलोन चालतात.

इतर कारणे : प्रसूतीनंतरचा अवटुग्रंथिशोथ (थकवा, अंग जड, स्नायू आखडणे, टीएसएच तपासावे). ड जीवनसत्त्वाची कमतरता. बंद खोलीतल्या सव्वा महिन्याने ती वाढते. स्तन्यपानाच्या काळात हाडांतील खनिज काही टक्क्यांनी घटते व दूध तोडल्यावर बहुतांशी भरून येते. केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार गर्भारपणाच्या १४ व्या आठवड्यापासून प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत ५०० मिग्रॅ. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा घ्यायची असते, लोहाच्या गोळीबरोबर नव्हे. पाऊल टेकवेनासे झाले तर टाचेच्या हाडाला तडा गेल्याची शक्यता पाहावी, ती विरळ.

धोक्याची लक्षणे : एकाच पोटरीची सूज व दुखरेपणा, त्यातही धाप लागत असल्यास, शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका सर्वाधिक असतो. पायांवरील वाढती सूज, डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी हे रक्तदाबाचे लक्षण समजून त्याच दिवशी रुग्णालयात जावे.

शस्त्रक्रिया : बाळंतिणीत जवळजवळ कधीच लागत नाही.

पुढील गर्भारपण : पावलाचे मुख्य बदल पहिल्या खेपेस होतात असे सीगल यांच्या आकडेवारीवरून दिसते. टाचदुखी पुन्हा उद्भवते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.