जळकोट

जळकोट : महाराष्ट्राच्या लातूर जिल्ह्यातील याच नावाच्या तालुक्याचे मुख्य ठिकाण. जिल्ह्याच्या ईशान्य भागात, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगत ते वसले असून तुळजापूर तालुक्यातील (धाराशिव जिल्हा) जळकोटहून ते वेगळे आहे. येथे नगरपंचायत असून जवळचे मोठे शहर व बाजारपेठ उदगीर ही आहे.

इतिहास : मध्ययुगात हा मुलूख बहमनी व त्यानंतरच्या दख्खनी सत्तांकडे, पुढे मोगलांकडे आणि शेवटी हैदराबादच्या निजामाकडे गेला. १७६० मध्ये शेजारच्या उदगीर येथे सदाशिवरावभाऊंच्या मराठी फौजेने निजामाचा पराभव केला, तरी भारत सरकारच्या पोलीस कारवाईनंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान शरण येईपर्यंत येथे निजामी अंमल टिकून होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी लगतचे उदगीर व अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यात, तर कंधार नांदेड जिल्ह्यात होता. पुनर्रचनेत उदगीर व अहमदपूर उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात आले. पुढे त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ मध्ये लातूर जिल्हा आणि १९९९ मध्ये जळकोट तालुका अस्तित्वात आला. त्यामुळे तहसील कचेरीच्या कामांसाठी दूर जाण्याची आसपासच्या गावांची पायपीट थांबली.

लोकजीवन : तालुक्यात घोणसी, अतनूर, वांजरवाडा यांसारखी गावे असून त्यांच्याभोवती अनेक वाड्या व तांडे (बंजारा समाजाच्या वस्त्या) आहेत. तांड्यांत मराठीबरोबर गोरबोली बोलली जाते आणि नायक व कारभारी यांना परंपरेने मान असतो. सोयाबीन, तूर, उडीद, ज्वारी व हरभरा ही मुख्य पिके होत. नदीकाठच्या काळ्या रानात रब्बी साधते. डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत मात्र पाणी ठरत नसल्याने खरिपाची रास झाली की हाताला काम उरत नाही, आणि अनेक कुटुंबे मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीसाठी परमुलखात जातात.

मार्गशीर्ष अमावास्येची वेळ अमावास्या, म्हणजेच 'येळवस', हा लातूर, धाराशिव व लगतच्या भागांतील शेतकऱ्यांचा मोठा सण. त्या दिवशी रानात कडब्याची कोप उभारून तीत चुना व काव लावलेले पाच दगड पांडव म्हणून पुजतात. हिरव्या शेंगा, पालेभाज्या व बेसन यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात ज्वारीचे पीठ शिजवून केलेली आंबील यांचा नैवेद्य दाखवून आप्तेष्टांसह वनभोजन होते. हा सण ऐन गळीत हंगामात येत असल्याने ऊसतोडीला गेलेली कुटुंबे त्याला मुकतात. मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून अशा भागांत शासनाची हंगामी वसतिगृहे चालविली जातात. तथापि डोंगरउतारावर पडणारे पाणी तेथेच अडवून मुरविल्याखेरीज हे स्थलांतर कमी होणे कठीण आहे, आणि तालुका झाल्याचे खरे सार्थकही त्यातच आहे.