वेळापत्रक कोणासाठी? सिद्धार्थ कॉलेजपासून लॉकडाऊनच्या वर्गापर्यंत

करोनानंतर उच्च शिक्षणात 'लवचिकता' आणि 'समावेशकता' हे दोन शब्द फार स्वस्त झाले आहेत. कॉलेजचे परिसंवाद असोत, नॅकचे अहवाल असोत की राष्ट्रीय शैक्षणिक धोरणावरची व्याख्याने, हे शब्द असे वापरले जातात की जणू २०२० पूर्वी विद्यार्थ्याची परिस्थिती पाहून शिकवण्याचा विचार या देशात कोणी केलाच नव्हता. मित्रांनो, ज्यांनी हा विचार केला आणि तो अमलात आणून दाखवला त्यांचा इतिहास पुसल्याशिवाय असे बोलता येत नाही.

१८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा शाळेत येऊ शकत नाही, ही साधी गोष्ट त्यांना समजली होती. म्हणून त्यांनी माणसाला दोष दिला नाही, शाळेची वेळ बदलली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांचे जाळे उभे केले, कारण खेड्यातल्या मुलाची अडचण फी माफ करून संपत नाही. त्याला राहायला जागा आणि पोटाला भाकर लागते. दोन्ही ठिकाणी सूत्र एकच आहे : वाकायचे ते संस्थेने, विद्यार्थ्याने नव्हे.

या सूत्राला विद्यापीठाच्या पातळीवर वैचारिक पाया दिला तो बाबासाहेबांनी. १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना त्यांनी विद्यापीठाचा अर्थच वेगळा मांडला. ज्यांच्याकडे बुद्धी आहे पण पैशाअभावी किंवा आयुष्यातील इतर अडचणींमुळे शिकता येत नाही, त्यांना शिक्षणाची सोय करून देणारी यंत्रणा म्हणजे विद्यापीठ, असा त्यांचा आशय होता. यातला 'इतर अडचणी' हा भाग आपण लक्षात ठेवला पाहिजे. अडचण काढणे ही विद्यार्थ्यावरची मेहेरबानी नाही, ते विद्यापीठाचे मूळ काम आहे.

आणि बाबासाहेब बोलून थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जून १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेही युद्धकाळातल्या लष्करी बराकींमध्ये. या कॉलेजचे वर्ग सकाळी भरत. त्यामुळे कचेरीत कारकुनी करणारा तरुण सकाळी तास करून कामावर जाऊ शकला. घर चालवायचे की पदवी घ्यायची, असा कोंडीत पकडणारा प्रश्न नुसते घड्याळाचे काटे हलवून कॉलेजने सोडवला. १९५० साली औरंगाबादेत जे कॉलेज सुरू झाले, तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. त्यापूर्वी मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांना पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. नागसेनवनात वर्गाइतकेच महत्त्व वसतिगृहांना होते. मराठवाड्याच्या खेड्यांतून आलेली पहिली पिढी तिथे शिकली. दलित साहित्याच्या चळवळीला बळ देणारे 'अस्मितादर्श' याच परिसरात वाढले. परिस्थिती पाहून शिकवले की दर्जा घसरतो, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे.

आता या मोजपट्टीवर करोनाचा काळ ठेवून पाहू.

मार्च २०२० मध्ये कॉलेजे बंद झाली. महाराष्ट्रातले वर्ग पुन्हा उघडले ते २० ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीतले अर्ध्याहून अधिक दिवस एका पिढीने कॉलेजबाहेर काढले. त्याआधीच, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने देशाचे चित्र समोर ठेवले होते. इंटरनेटची सोय असलेली घरे ग्रामीण भागात सुमारे १५ टक्के आणि शहरी भागात ४२ टक्के होती. संगणक ग्रामीण भागातल्या जेमतेम ४ टक्के घरांत होता. हे आकडे सरकारचेच होते. तरीही वेळापत्रक जसेच्या तसे मोबाईलवर चढवले गेले : सकाळी दहाचा तास दहालाच, हजेरी लिंकवर, कॅमेरा चालू.

या वर्गाने कोणता विद्यार्थी गृहीत धरला होता? ज्याला स्वतःची खोली आहे, स्वतःचा फोन आहे, ज्याच्या घरात त्या वेळी कोणी कामावरून काढले गेलेले नाही. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे आणि एक फोन असलेला विद्यार्थी त्यात बसतच नव्हता. मुलीच्या वाट्याला तो फोन भावानंतर येई आणि तास चालू असताना चुलही तिच्याच वाट्याला. वसतिगृहे रिकामी झाली, अनेक ठिकाणी ती विलगीकरण केंद्रांसाठी घेतली गेली. मुले गावी परतली आणि मजुरीला लागली. सिद्धार्थने कामकरी विद्यार्थ्यासाठी घड्याळ हलवले होते. इथे त्याच विद्यार्थ्याची गैरहजेरी मांडली गेली.

त्या काळात सर्वांत मोठे भांडण कशावर झाले तेही पाहा. ६ जुलै २०२० ला यूजीसीने अंतिम वर्षाच्या परीक्षा सक्तीच्या केल्या. महाराष्ट्र सरकारचा विरोध होता, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ ऑगस्टला निकाल आला. परीक्षा घ्यायची की नाही यावर देश भांडला. त्या विद्यार्थ्याला शिकवले किती, हा प्रश्न कोणत्याही सुनावणीचा मुख्य विषय झाला नाही.

याच काळात काही प्राध्यापकांनी मात्र खरे शिकवले, हेही मान्य केले पाहिजे. त्यांनी व्हिडिओ सोडून दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण व्हॉट्सअॅपवर पाठवले, म्हणजे कमी डेटात ते रात्री कामानंतर ऐकता येई. नोट्स सोप्या मराठीत टाइप केल्या. न दिसणाऱ्या मुलाला दोन आठवडे मेसेज पाठवत न बसता फोन केला. स्वाध्यायाची मुदत वाढवली. अनेक वस्त्यांत विहार हेच वर्ग झाले आणि शिकलेल्या ताई-दादांनी धाकट्यांना शिकवले. यात महागडे तंत्रज्ञान नव्हते. समोरच्याची अडचण काय आहे हे आधी विचारण्याची पद्धत होती. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रोग्यांपर्यंत स्वतः गेल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. महामारीत माणसापर्यंत जायचे असते, हा आपला वारसा आहे.

महामारी ओसरल्यावर व्यवस्थेने यातले काय ठेवले? मे २०२१ मध्ये यूजीसीने मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला. त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना होती. म्हणजे पडदा राहिला. पण ध्वनिमुद्रित तास, वाढीव मुदत, घरी केलेला फोन हे सगळे बहुतेक कॉलेजांतून गेले आणि ७५ टक्के हजेरीची नोटीस पुन्हा फळ्यावर लागली.

यावर कोणी म्हणेल, ऑनलाइन शिक्षण स्वस्त आहे, खेड्यापर्यंत पोहोचते, मग तुमचा विरोध का? आमचा विरोध तंत्राला नाही. प्रश्न असा आहे की स्वस्त कोणाला पडते? प्राध्यापकाची जागा न भरता, वसतिगृह न बांधता चालणारे शिक्षण सरकारला स्वस्त पडते. डेटाचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशातून जातो. पैसेवाल्यांना कॅम्पस आणि आपल्याला पडदा, अशी विभागणी झाली तर ती नवी वर्णव्यवस्था असेल. कॉलेज म्हणजे फक्त तास नव्हे. ग्रंथालय, मैत्री, वादविवाद, संघटना हेही कॉलेजच आहे. बाबासाहेबांनी आपला ग्रंथसंग्रह सिद्धार्थला दिला तो यासाठीच.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याकडे फोन, जागा, काम आणि अपंगत्व यांची माहिती घेऊन त्यानुसार वेळापत्रक आखा. प्रत्येक ऑनलाइन तासाचे ध्वनिमुद्रण द्या. काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सकाळची तुकडी चालवा आणि हजेरीचा नियम त्यांच्यासाठी वेगळा करा. शिष्यवृत्ती आणि स्वाधारचे पैसे सत्र सुरू असताना द्या, सत्र संपल्यावर नव्हे. रिक्त जागा भरा. आणि हे सगळे ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थी बसवा.

आपल्या कॉलेजात हे प्रश्न लेखी विचारा, उत्तर लेखी मागा. ही मागणी नवी नाही. ती १९४६ च्या बराकीत एकदा पूर्ण झालेली आहे, म्हणून ती अशक्य आहे असे आपल्याला कोणी सांगू नये.

जय भीम!