ओखल्याचे पाणी आणि पाखरे

दिल्लीहून कालिंदी कुंजच्या रस्त्याने नोएडाला येताना डाव्या हाताला पाण्याचा मोठा विस्तार दिसतो. ऑफिसच्या घाईत आपल्यापैकी बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. हेच ओखला पक्षी अभयारण्य. सुमारे 400 हेक्टरच्या या जागेत आजवर 300 हून अधिक जातींचे पक्षी नोंदवले गेले आहेत.

हा परिसर मराठी माणसाला तसा परका नाही. 11 सप्टेंबर 1803 रोजी इथून जवळच, यमुना आणि हिंडन यांच्यामधल्या प्रदेशात, दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा जनरल लेकने पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ कोर्सवर उभा आहे. असो.

दिल्ली हाती आल्यावर इंग्रजांचे लक्ष यमुनेच्या पाण्याकडे गेले. ओखल्याला नदीत दगडी बंधारा घालून त्यांनी 1874 मध्ये आग्रा कालवा सुरू केला. उद्देश शेतीचा होता, पाखरांचा विचार कुणाच्या मनात असण्याचे कारण नव्हते. पण अडलेल्या पाण्यात गाळ साचला, गाळावर पाणकणीस आणि वेत माजले, आणि पक्षी आपण होऊन आले. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरची कथा याहून वेगळी नाही. तिथेही कालव्यांसाठी गोदावरीवर बंधारा झाला आणि मागच्या दलदलीत पाखरे उतरू लागली. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले.

स्वातंत्र्यानंतर, 1950 मध्ये दिल्लीत पक्षीनिरीक्षकांची एक संस्था स्थापन झाली. होरेस अलेक्झांडर हे तिच्या संस्थापकांपैकी, आणि इंदिरा गांधीही तिच्या सभासद होत्या. या मंडळींचे ओखला हे आवडते ठिकाण होते. पुढे उषा गांगुली यांचे दिल्लीच्या पक्ष्यांवरचे पुस्तक 1975 साली प्रसिद्ध झाले. नोएडा शहर वसू लागले ते त्यानंतर, 1976 मध्ये. म्हणजे इथले जुने रहिवासी कोण, हे वेगळे सांगायला नको!

1980 च्या दशकात नवा बराज झाला, पाणी आणखी पसरले, आणि 1990 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने अभयारण्य घोषित केले. मात्र एक गोम राहिली. पक्षी वनखात्याचे, पण बराजची दारे पाटबंधारे खात्याच्या हाती. दारे उघडली की पाणी उतरते आणि ऐन हंगामात बदकांना नुसता चिखल उरतो. वरून दिल्लीच्या नाल्यांचे सांडपाणी येते ते निराळेच.

2013 चा गोंधळ अनेकांना आठवत असेल. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आतली बांधकामे अडवली आणि हजारो फ्लॅटचे ताबे रखडले. हप्ते आणि भाडे दोन्ही भरणाऱ्यांनी पाखरांना दोष दिला. त्यांचा त्रास खरा होता, पण सीमा वेळेवर न आखण्यात पाखरांचा काय अपराध? ऑगस्ट 2015 मध्ये केंद्राने संवेदनशील क्षेत्र ठरवले : तीन बाजूंना 100 मीटर आणि उत्तरेला 1.27 किलोमीटर. माझ्या मते तीन बाजूंना फारच कमी जागा सुटली. टॉवर अगदी कुंपणाशी आले.

आपल्या उत्सवाचाही या पाण्याशी संबंध आहे. कालिंदी कुंजच्या घाटावर वर्षानुवर्षे गणपतीचे विसर्जन होत असे. 2019 पासून दिल्लीत त्यासाठी कृत्रिम तलाव केले जाऊ लागले. घाटावरची ती गर्दी, ती आरती आठवून जुन्या मंडळींना हळहळ वाटते, मलाही वाटते. पण प्लास्टरच्या मूर्ती आणि रासायनिक रंग जिथे जात होते तिथेच दोन महिन्यांनी पाहुणे उतरतात, हेही खरे.

पाहुणे म्हणजे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक आणि वारकरी. कपाळावर पांढरा टिळा लावलेल्या काळ्या पाणपक्ष्याला मराठीत वारकरी म्हणतात. ओखल्याला तो थव्याने दिसतो, त्यामुळे परमुलखात आपले माणूस भेटल्यासारखे वाटते. डिसेंबर 2017 पासून मेट्रोच्या मॅजेंटा लाइनवर अभयारण्याच्या नावाचे स्टेशनही आहे. नोव्हेंबर ते मार्चमधली एखादी सकाळ निवडावी, दुर्बीण घ्यावी आणि मुलांना आवाज न करण्याची ताकीद द्यावी. धुके असेल तर नऊ वाजेपर्यंत काही दिसत नाही, नुसते आवाज ऐकू येतात.