घरगुती सुरक्षा-चित्रणाची साठवण : नाशिकच्या नोंद-परंपरेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

दारात कोण आले, केव्हा आले आणि कोणाबरोबर आले, याची नोंद ठेवण्याची गरज नवीन नाही. पूर्वी ती नोंद माणूस ठेवीत असे, आज भिंतीवरचा कॅमेरा ठेवतो, एवढाच फरक झाला आहे. गेल्या दोन दशकांत नाशिकमधील गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड या वसाहतींत घरोघरी आणि सोसायटी-सोसायटीत असे कॅमेरे बसले. कोणता कॅमेरा घ्यावा याची चर्चा आपण पुष्कळ करतो. त्याने टिपलेले चित्रण कोठे, किती दिवस आणि कोणाच्या ताब्यात ठेवावे, हा प्रश्न मात्र सहसा बसवून देणाऱ्या कारागिरावर सोपविला जातो.

प्रस्तुत लेखकाला या प्रश्नाकडे वळावे लागले ते एका साध्या घटनेमुळे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या फाटकासमोर एका ज्येष्ठ सभासदांना दुचाकीने धडक दिली आणि चालक न थांबता निघून गेला. घरची मंडळी रुग्णालयाच्या धावपळीत होती. अकराव्या दिवशी त्यांनी चित्रणाची मागणी केली, तेव्हा यंत्रात जेमतेम मागील सहा दिवसांचे चित्रण शिल्लक होते. कॅमेरा चालू होता, यंत्रही निर्दोष होते, धडक निश्चितपणे टिपली गेली होती. परंतु तिच्यावर नंतरच्या दिवसांतील रिकाम्या फाटकाचे चित्रण चढले होते. विम्याचा आणि तक्रारीचा आधार अशा रीतीने नाहीसा झाला. हा दोष यंत्राचा नव्हे. साठवणुकीविषयी कोणी निर्णयच घेतला नव्हता, आणि निर्णय न घेण्याचाही एक परिणाम असतो.

इतिहासाच्या अभ्यासकाला या प्रसंगात एक परिचित गोष्ट दिसते. साधने नष्ट होतात ती बहुधा शत्रूच्या हातून नव्हे, तर अनवधानाने. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो वाई येथे एका खासगी घराण्याकडे मिळालेल्या पत्रांच्या आधारे. ती पत्रे उरली हे आपले भाग्य. अशी किती दप्तरे रद्दीत, वाळवीच्या तोंडी किंवा नदीत गेली, याची गणती करता येत नाही.

यजमानवही : घरातच ठेवलेली नोंद

नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या हे या शहरातील आगंतुकांच्या नोंदीचे सर्वांत जुने आणि सर्वांत टिकाऊ उदाहरण होय. गोदावरीवर स्नानासाठी अथवा श्राद्धासाठी आलेल्या यजमानाचे नाव, गाव, गोत्र, पिता-पितामह, बंधू, पुत्र, सोबत आलेली मंडळी आणि तिथी असा मजकूर वहीत उतरविला जातो, आणि त्याखाली शक्यतो यजमानाची स्वाक्षरी किंवा त्याच्या हातच्या दोन ओळी घेतल्या जातात. पुढील पिढीतील वंशज आला की गाव व आडनाव यांवरून त्याचा उपाध्याय आणि उपाध्यायाच्या घरातील नेमके पान शोधले जाते. जुनी पाने मोडी लिपीत आहेत.

या व्यवस्थेचे तीन गुण विचारात घेण्यासारखे आहेत. एक, वहीला निश्चित धनी असतो. यजमानकृत्य ही वंशपरंपरागत, वाटणीयोग्य मिळकत मानली गेल्यामुळे वही सांभाळणे हे उपजीविका सांभाळणेच होते. ज्याचे पोट नोंदीवर अवलंबून आहे तो ती जपतो, हे कोणत्याही नियमावलीपेक्षा प्रभावी तत्त्व ठरले. दोन, नोंद निवडक होती. घाटावर आलेल्या प्रत्येक माणसाची हालचाल टिपणे हा तिचा हेतू नव्हता. ज्याच्याशी संबंध आहे, त्याचीच आणि त्याच्या समक्ष नोंद होई. तीन, नोंद ज्याच्याविषयी आहे त्यानेच ती साक्षांकित केलेली असे. आजच्या कॅमेऱ्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट आहेत. त्याचा निश्चित राखणदार नसतो, तो सर्व काही टिपतो, आणि ज्याला टिपतो त्याला बहुधा विचारीत नाही.

अर्थात वहीची व्यवस्थाही निर्दोष नव्हती. एकच प्रत असणे हा तिचा मोठा दोष. भाऊबंदकीत वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जात आणि एकाच घराण्याच्या नोंदी दोन-तीन घरांत विखुरत. त्यात गोदावरीचा पूर. नाशिकमध्ये पुराची उंची दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगण्याची रीत आहे. पाणी कमरेला लागले, खांद्याला लागले, मूर्ती बुडाली, अशी ती मोजणी. १९६९ चा महापूर वृद्धांच्या स्मरणात आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षीही पाणी नदीकाठच्या बाजारपेठेत शिरले. पंचवटी अथवा सराफ बाजार परिसरात ज्यांनी कागद तळघरात ठेवले त्यांचे कागद गेले असतील आणि ज्यांनी माडीवर ठेवले त्यांचे राहिले असतील, असे म्हणण्यास इतिहासकाराची गरज नाही. तरीही आज त्याच परिसरातील कित्येक दुकानांत चित्रण साठविणारे यंत्र गल्ल्याखालच्या कप्प्यात ठेवलेले दिसते.

फाळके आणि नायट्रेट

चलच्चित्राच्या साठवणुकीचा प्रश्न नाशिकला आणखी एका मार्गाने परिचित आहे. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित केला आणि त्यानंतर आपला कारखाना नाशिकला आणला. पुढील चित्रपट येथेच तयार झाले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या विपुल निर्मितीपैकी आज उरलेला भाग अत्यल्प आहे. 'राजा हरिश्चंद्र'चा केवळ काही अंश उपलब्ध असून तोही मूळ १९१३ चा की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

या नाशाची कारणे उद्बोधक आहेत. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची होती. ती जळताना स्वतःतूनच प्राणवायू पुरविते, म्हणून पाण्याखालीही विझत नाही. आणि न जळताही उष्ण, दमट हवेत ती चिकट होऊन भुकटी बनते. दुसरे कारण आर्थिक होते. खेळ उतरला की रिळांना मूल्य उरे ते त्यांतील चांदीचे, आणि चांदीसाठी ती विकली जात. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, म्हणजे फाळके यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. पी. के. नायर यांनी तुकडा-तुकडा करून जे मिळविले, तेवढेच आपल्या हाती आहे. आणि संग्रहालयात पोहोचणे म्हणजे सुरक्षित होणे, असेही नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यातील नायट्रेट कोठाराला आग लागून ६०७ चित्रपटांची ५,०९७ रिळे भस्मसात झाली. ज्यांच्या प्रती त्यापूर्वी सुरक्षित फिल्मवर करून अन्यत्र ठेवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. एकाच छताखाली असलेली साधने एकाच दिवशी जातात.

आजचे पर्याय

सुरक्षा-कॅमेऱ्याचा आरंभकाळ साठवणुकीचा नव्हताच. १९४२ मध्ये जर्मनीत अग्निबाणांच्या उड्डाणावर दुरून लक्ष ठेवण्यासाठी बंद-परिपथ चित्रवाणी वापरली गेली. न्यूयॉर्कमधील परिचारिका मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन यांनी १९६६ मध्ये घरगुती सुरक्षा यंत्रणेच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मंजूर झाले. तिचाही मुख्य हेतू दार न उघडता बाहेर कोण आहे ते पाहण्याचा होता. पाहणे आणि जपणे यांची सांगड पडली ती चित्रफितीच्या प्रसारानंतर. फीत संपली की पुन्हा तीच वापरावयाची, हा पायंडा तेव्हाच पडला आणि हार्ड डिस्कनेही तो तसाच पुढे चालविला.

आता थोडे गणित. सर्वसाधारण स्पष्टतेचा कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट माहिती देतो असे धरल्यास तासाला १.८ आणि दिवसाला ४३.२ गिगाबाइट होतात. चार कॅमेऱ्यांचे दिवसाला सुमारे १७३ गिगाबाइट. १ टेराबाइटची डिस्क सहा दिवसांच्या आत भरते, ४ टेराबाइटची सुमारे २३ दिवसांत. आमच्या संस्थेच्या यंत्रात सहा दिवस का उरले, याचे उत्तर एवढेच आहे. ही आकडेमोड यंत्र घेण्यापूर्वी कोणीही पाटीवर करू शकला असता. नव्या संकोचन-पद्धतीने अथवा केवळ हालचाल झाल्यावर चित्रण करण्याच्या सोयीने हा अवधी वाढतो, हे खरे. परंतु फाटकासमोर रहदारी असेल तर हालचाल अखंडच असते.

साठवणुकीची स्थाने मुख्यतः तीन. कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड स्वस्त आहे, परंतु सतत पुनर्लेखनाने ते झिजते आणि चोराने कॅमेरा नेला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो. घरातील डीव्हीआर अथवा एनव्हीआर यंत्राची क्षमता अधिक असते आणि ताबा आपल्याकडे राहतो. मात्र घरफोडीत डीव्हीआरही पळविल्याच्या बातम्या आता नित्याच्या झाल्या आहेत. क्लाउडवरील साठा चोराच्या आणि पुराच्या आवाक्याबाहेर राहतो. पण वरील चार कॅमेऱ्यांसाठी सेकंदाला १६ मेगाबिटचा अखंड चढता प्रवाह लागतो, वर्गणी थकली की साठा जातो, आणि आपल्या दारातील दृश्ये परक्याच्या कोठारात, एका सांकेतिक शब्दाच्या भरवशावर राहतात. तो शब्द कारखान्यातून आला तसाच ठेवणारी घरे थोडी नाहीत.

वाचनीयतेचा प्रश्न मात्र सर्वांत दुर्लक्षित आहे. अनेक यंत्रे चित्रण स्वतःच्या खास स्वरूपात ठेवतात आणि ते पाहण्यासाठी त्याच उत्पादकाची प्रणाली लागते. उत्पादक बंद पडला की डिस्क शाबूत, पण दृश्य अगम्य. यजमानवहीतील मोडीचे आज हेच झाले आहे. कागद आहे, शाई आहे, वाचणारा दुर्मिळ आहे. म्हणून महत्त्वाचा भाग सर्वमान्य स्वरूपात उतरवून ठेवणे, आणि मूळही न पुसणे, दोन्ही आवश्यक ठरते.

न्यायालयासमोर चित्रण

जपलेले चित्रण पुरावा म्हणून टिकेल का, याचा निर्णायक दाखला महाराष्ट्रातलाच आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल २९६ मतांच्या फरकाने लागला. २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन ही उमेदवारी अर्जाची अंतिम वेळ होती. अर्ज त्यानंतर दाखल झाला काय, हा वादाचा मुद्दा होता, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण तबकड्यांवर उतरवून न्यायालयापुढे आले. सोबत कायद्याने आवश्यक असलेले प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही मिळाले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये अधिकाऱ्याची साक्ष पुरेशी मानून निवडणूक रद्द ठरविली. पुढे अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळले, पण प्रमाणपत्राविषयी कायदा स्पष्ट केला. भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या धन्याने साक्ष दिली तर ते लागत नाही.

या निर्णयानंतर साठवणुकीच्या निवडीला कायदेशीर अर्थ प्राप्त झाला. घरातील डीव्हीआरचे 'मूळ' दाखविता येते. क्लाउडवरील चित्रणाचे मूळ कोणते? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने याची दखल घेतली आहे. कलम ५७ च्या स्पष्टीकरणानुसार चित्रण साठविले जात असतानाच दुसरीकडे पाठविले गेले असेल, तर अशी प्रत्येक साठवलेली नोंद प्राथमिक पुरावा ठरते. प्रमाणपत्राची तरतूद आता कलम ६३ मध्ये असून त्यात नोंदीचे हॅश-मूल्य द्यावे लागते. दोन ठिकाणी साठवण करणाऱ्याला पूर्वी जी शंका असे, ती यामुळे बरीचशी दूर झाली.

किती दिवस ठेवावे, याचे घरगुती बंधन नाही. पोलीस ठाण्यांतील चित्रणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी अठरा महिन्यांची आणि निदान एका वर्षाची अपेक्षा व्यक्त केली. तेथे राज्यसत्तेच्या वर्तनाचा प्रश्न आहे. घरासाठी एवढा काळ अनावश्यक आणि, माझ्या मते, अनिष्टही आहे. शेजाऱ्यांच्या येण्याजाण्याचा वर्षभराचा साठा कोणाजवळ असावा, असे मला वाटत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने व्यक्तीच्या घरगुती उपयोगाला सूट दिली आहे. परंतु गृहनिर्माण संस्था ही 'व्यक्तीचे घर' आहे असे गृहीत धरून चालणे धोक्याचे होईल.

संस्थेचा निर्णय

आमच्या सर्वसाधारण सभेत या विषयावर अपेक्षेपेक्षा अधिक वाद झाला. काहींना सर्व चित्रण क्लाउडवर हवे होते, काहींना खर्च नको होता. एका भगिनींनी विचारले की, त्यांच्या घरी कोण येते हे पाहण्याचा अधिकार नेमका कोणाला. आणि त्या प्रश्नाने सभा काही काळ शांत झाली. अखेरीस ठरले ते असे. सतत चित्रणासाठी तयार केलेली ६ टेराबाइटची डिस्क बसवावी, म्हणजे सुमारे ३४ दिवस मिळतात. यंत्र तळमजल्यावरील पहारेकऱ्याच्या खोलीतून हलवून पहिल्या मजल्यावर कुलुपात ठेवावे. फाटकावरील एकाच कॅमेऱ्याचे चित्रण त्याच वेळी बाहेरही साठवावे. चित्रण पाहण्याचा अधिकार सचिव व एक सभासद यांना संयुक्तपणे असावा, आणि कोणी, केव्हा, कोणत्या कारणासाठी पाहिले अथवा उतरवून घेतले, याची स्वाक्षरीसह नोंद एका वहीत करावी. यंत्रातील घड्याळ महिन्याच्या पहिल्या तारखेस तपासावे; तपासले तेव्हा ते सतरा मिनिटे मागे होते.

वही विकत आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर त्या अपघाताची तारीख घालून, चित्रण उपलब्ध नाही, अशी नोंद सचिवांनी केली आणि जखमी सभासदांच्या मुलाने तिच्याखाली स्वाक्षरी केली.