जिथली तिथेच प्यावी

कोल्हापूरहून बंगळूरच्या दिशेने जाणाऱ्या महामार्गावर महाराष्ट्राचे शेवटचे मोठे गाव म्हणजे आमचे कागल. दूधगंगेच्या काठचा ऊस, गुऱ्हाळांचा वास आणि घाटगे सरकारांची जहागीर ही त्याची जुनी ओळख. राजर्षी शाहू महाराज दत्तक जाण्यापूर्वी याच घाटगे घराण्यातले. अशा गावाविषयी लिहावयास बसलो आणि विषय निघाला तो दुर्मिळ पेयांचा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गोव्याला जाणारी कोल्हापूरकरांची एक नेहमीची वाट कागलवरून निपाणीस जाते, तेथून उत्तूर, आजरा करीत आंबोलीचा घाट उतरते. म्हणजे महाराष्ट्रातून कर्नाटकात, कर्नाटकातून पुन्हा महाराष्ट्रात आणि शेवटी गोव्यात. एका दिवसाच्या प्रवासात तीन राज्यांचे तीन अबकारी कायदे ओलांडावे लागतात. एखादे पेय एका गावी वारसा म्हणून मिरवते आणि शेजारच्या तालुक्यात गुन्हा ठरते, हे समजून घ्यावयास कागलसारखी दुसरी जागा नाही.

या रेषा फार जुन्या नाहीत. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. निपाणी तेव्हा बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई राज्यातच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत ती म्हैसूरकडे गेली आणि आमच्या गावाच्या दक्षिणेस सरहद्द उभी राहिली. घाटाखाली मात्र १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचे राज्य होते व तेथील भट्ट्यांवर असे बंधन नव्हते. कोरड्या राज्याच्या पायथ्याशी ओला मुलूख असल्यावर मधल्या घाटवाटांनी काय काय चढत असेल, ते विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

दारूबंदीमागील हेतूची थट्टा करण्याची आमची इच्छा नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहेत आणि त्या घरांतील माउल्यांना या लेखाचा विषयच रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. कायदा करणाऱ्यांनी मिस्साच्या द्राक्षारसाची वेगळी सोय ठेवली होती, हेही नमूद केले पाहिजे. पण एक गोष्ट इतिहासात नोंदली जावी असे आम्हांस वाटते. बंदीने पिणे थांबले नाही. चांगले करणे मात्र थांबले. पिढ्यान्‌पिढ्या निगुतीने माडी उतरवणारा वा भट्टी लावणारा कारागीर गुन्हेगारांच्या रांगेत बसला आणि त्याची जागा नवसागर टाकून घाईने काढलेल्या विषाने घेतली. १९६० च्या दशकात बंदी सैल झाली, १९७३ साली देशी दारूचे नियम आले, पण ती ‘देशी’ साखर कारखान्यांच्या मळीची. उसाच्या मुलखात राहणाऱ्या आम्हांला मळीचा राग नाही; तरीही फळाच्या रसातून ऋतूनुसार निघणारे पेय आणि बारमाही मळीचा अर्क यांना एकाच मापाने मोजणे आम्हांस पटत नाही.

याची मुळे इंग्रजी अमदानीत सापडतात. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि गावोगावच्या लहान भट्ट्या बंद होऊन मोठ्या कारखान्यांना मक्ते मिळू लागले. १८९२ च्या मोहवा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावरही निर्बंध आले. ज्या १८७८ साली मुंबईत हा कायदा झाला, त्याच साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात करार होऊन गोव्याच्या मिठावर आणि अबकारीवर ब्रिटिश व्यवस्थेची छाया पडली. तो करार १८९२ मध्ये संपला. गोव्यातील भट्टी टिकली, आमच्याकडील गेली. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांचा अंमल होता, तेव्हा एकाच राजवटीखाली वाढलेल्या दोन ख्रिस्ती समाजांच्या वाट्याला पुढे हे दोन वेगळे इतिहास आले.

आता त्या टिकलेल्या भट्टीविषयी. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले आणि त्याचे नावही तेथील तुपी भाषेतून पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्या मराठीत आले. गोव्यात माडाची फेणी त्याआधीपासून होती. काजूने नवा कच्चा माल दिला. फेब्रुवारीअखेर ते मे एवढाच हंगाम. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलाच वेचतात. बी पिळून वेगळी काढली की बोंडू ‘कोळंबी’ नावाच्या दगडी कुंडात पायांनी तुडवतात. राहिलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर दगडाचे ओझे ठेवतात. त्यातून संथपणे ठिबकतो तो नीरो. ताजा नीरो लहान मुलेही पितात. तो गोड, किंचित तुरट, थंड.

तुडवलेला रस मडक्यांत दोन-तीन दिवस आंबतो. त्यात बाहेरून कोणतेही किण्व घालत नाहीत. फळाच्या सालीवर आणि हवेत जे आहे तेच काम करते. नंतर ‘भाण’ म्हणजे मोठ्या भांड्यात उकळून वाफ दुसऱ्या मडक्यात नेतात. पूर्वी त्या मडक्यावर सतत डावाने पाणी ओतीत बसावे लागे. आता बहुतेकांनी तांब्याची नळी पाण्याच्या टाकीत फिरवलेली असते. पहिल्या धारेचा तो उर्राक, सौम्य आणि फळाच्या वासाने भरलेला. उर्राक पुन्हा रसात मिसळून उकळला की फेणी, जवळपास तिप्पट कडक. फेणी वर्षानुवर्षे बरणीत सुधारत जाते. उर्राकचे तसे नाही. पावसाळा लागला की त्याचा जीव गेलाच. बिनलेबलाच्या जुन्या बाटलीत भरून तो भट्टीवरच विकला जातो आणि लिंबू, मीठ व उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तेथेच संपवला जातो. कोणी त्यात लिम्का ओततात. आम्हांला ते मान्य नाही, पण गोवेकरांशी या बाबतीत वाद घालू नये.

उर्राक शोधावा लागतो. दुकानातील चकचकीत बाटलीत तो अभावानेच सापडतो आणि सापडला तरी भट्टीवरचा नसतो. सत्तरी तालुक्यात वाळपईच्या आसपास डोंगरउतारांवर एप्रिलमध्ये फिरावे, धूर दिसेल तिकडे वळावे, हाच मार्ग. भट्टीवाल्याला ‘किती ग्राव्ह?’ असे विचारले की तो आपल्याला थोडे जाणकार समजतो, कारण ताकद मोजण्याचे हे पोर्तुगीज काळातील माप आजही तेथे चालते. खरे जाणकार मात्र मापाकडे पाहतही नाहीत. पेल्यात उंचावरून धार सोडतात आणि बुडबुड्यांचे मणी किती वेळ टिकतात ते पाहतात. फेणी हे नावच फेसावरून आले असे म्हणतात. काही घरांत दुकशिरीच्या मुळ्या घातलेली फेणी सर्दीपडशासाठी वेगळी ठेवलेली असते. ती पाहुण्याला सहसा मिळत नाही.

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१६ मध्ये गोवा सरकारने फेणीला वारसा पेयाचा मान दिला. तरीही ती बाटली घेऊन महाराष्ट्रात यावयाचे तर परवाना हवा, आणि तो नसताना आणणे गुन्हा आहे. आमच्यासारख्या कागलकरांना म्हणूनच एक नियम करून घ्यावा लागला: जेथे निघते तेथेच प्यावी, थोडी प्यावी, गाडी चालवणाऱ्याने पिऊ नये आणि परत येताना हात रिकामे असावेत. पहिल्या वर्षी रिकामे हात जड वाटले. पुढे ध्यानात आले की या पेयाचा अर्धा स्वाद त्या धुरात आणि भट्टीवाल्याच्या गप्पांत आहे.

जगात इतरत्रही असेच आहे, आणि तेथे आपल्या धर्माचा थेट संबंध येतो. बेल्जियमच्या पश्चिम टोकाला वेस्टव्हलेटेरेन नावाच्या खेड्यात संत सिक्स्टस यांच्या नावाचा ट्रॅपिस्ट मठ आहे. १८३१ साली स्थापन झालेला हा मठ १८३९ पासून बिअर करतो. त्यांच्या बाटलीवर दीर्घकाळ कागदी लेबलच नव्हते. हवी ती माहिती बुचावर. विक्रीही दीर्घकाळ मठाच्या दाराशीच होत असे. आधी दूरध्वनीवर नाव नोंदवावयाचे, गाडीचा क्रमांक सांगावयाचा, ठरल्या वेळी जाऊन मोजके खोके घ्यावयाचे आणि ते पुढे कोणाला विकावयाचे नाहीत. २००५ साली रसिकांनी तेथील ‘१२’ क्रमांकाच्या बिअरला जगातील सर्वोत्तम ठरवले, तेव्हा मठाच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागून साठा संपला. दुसरा कोणी असता तर त्याने कारखाना वाढवला असता. मठवासीयांनी उत्पादन वाढवण्यास नकार दिला: मठ चालावा एवढ्यासाठी आम्ही बिअर करतो, बिअरसाठी मठ चालवत नाही, ही त्यांची भूमिका. २०१९ पासून नोंदणी संगणकाद्वारे होऊ लागली.

या भूमिकेमागे दीड हजार वर्षांची परंपरा आहे. संत बेनेदिक्त यांच्या नियमावलीचा ४० वा अध्याय मठवासीयाला रोज किती द्राक्षारस द्यावा याविषयी आहे. थोडासा द्यावा, न घेणारा अधिक चांगला, पण अतिरेक कोणीच करू नये असा त्याचा आशय. उत्तरेकडील थंड प्रदेशात द्राक्षे येत नव्हती, तेथे मठांनी सातूची बिअर केली. बाराव्या शतकातील संत हिल्डेगार्ड यांनी हॉप या वनस्पतीच्या कडवटपणामुळे पेय टिकते, असे लिहून ठेवले आहे. पुढे म्युनिकच्या मठवासीयांनी उपवासकाळात पोटाला आधार म्हणून दाट, पौष्टिक बिअर तयार केली. ब्रुसेल्सच्या आसपासची लांबिक बिअर तर हवेतील किण्वावरच आंबते, अगदी सत्तरीच्या मडक्यांतील रसासारखी. तीही थंडीच्या महिन्यांतच करतात. इतक्या दूरच्या दोन शेतकरी समाजांना एकच युक्ती सुचावी, याचा आम्हांला आनंद वाटतो.

महाराष्ट्रात लहान प्रमाणावरील बिअरची सुरुवात २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने केली. जर्मन कारागीर ऑलिव्हर शाउफ यांच्या देखरेखीखाली ती होऊ लागली. नावाचा उगम आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आहे: मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत कंटाळलेले गोरे सैनिक भ्रमिष्ट होत, त्यावरून इंग्रजीत हा शब्द रूढ झाला. त्यानंतर अनेकांनी लहान भट्ट्या काढल्या. कोणी कोकम घालून आंबट बिअर केली, कोणी मधापासून मीड काढले. यांतील पुष्कळ पेये गाळलेली वा तापवलेली नसल्याने दूरवर पाठवता येत नाहीत. कागलहून पुण्यास कामानिमित्त जाणारी तरुण मुले हल्ली या भट्ट्यांच्या फळ्यावर त्या आठवड्यात काय लिहिले आहे ते पाहून येतात. कायद्याने बिअरला २१ व कडक मद्याला २५ वर्षे वयाची अट आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांनी त्यांना सांगून ठेवावे.

पुण्याच्या भट्ट्यांना भांडवल आहे, जाहिरात आहे. चिंता वाटते ती घाटावरील आणि घाटाखालील जुन्या कारागिरांची. बेल्जियममधील आखेल येथील मठात मठवासी उरले नाहीत, म्हणून २०२१ मध्ये त्यांच्या बिअरची ट्रॅपिस्ट ओळख गेली. २०२२ साली अमेरिकेतील स्पेन्सरच्या मठानेही आपली बिअर बंद केली. सत्तरीतील ज्या भट्टीवर आम्ही अनेक वर्षे जात होतो, तेथील वृद्ध गृहस्थांचे दोन्ही मुलगे जहाजावर नोकरीस आहेत. बोंडू वेचावयास माणसे मिळत नाहीत, असे ते सांगत. बी विकून पैसे मिळतात, मग रसाचा खटाटोप कशाला, असे शेजारी त्यांना विचारीत.

आणि आमच्याच जिल्ह्यात काय आहे? आजरा आणि चंदगड तालुक्यांत काजूच्या बागा आहेत. बी सोलण्याचे उद्योग चालतात. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने दिलेल्या जातींची कलमे दक्षिण कोकणात सर्वत्र पोहोचली. पण इकडील बोंडू वर्षानुवर्षे झाडाखालीच कुजत आला. त्यापासून सरबत वा जाम करणारे थोडे. उरलेला मुंग्यांचा आणि जनावरांचा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आंबोलीकडे जाताना गाडीच्या काचा खाली केल्या, तर आंबत चाललेल्या बोंडूंचा तोच वास येतो, जो पुढे दोन-अडीच तासांनी वाळपईच्या रानात धुरासह पुन्हा भेटतो.